सांगणाऱ्याचे पुस्तक आणि विचारणाऱ्याचे पान

आता पुष्कळ शाळांतून संगणक आला आहे. तो सुरू केला म्हणजे पडद्यावर प्रथम एक मोकळी जागा दिसते. तिच्या कडेला एक पट्टी असते, पट्टीवर घड्याळ असते, लहान लहान चित्रे असतात, आणि एखादे चित्र दाबले की खिडकी उघडते. या साऱ्या मांडणीला डेस्कटॉप म्हणतात. घराला जशी ओसरी, तसा संगणकाला डेस्कटॉप. आत जायचे दरवाजे सगळे तिथूनच.

बहुतेक संगणकांवरची ही ओसरी कोणा कंपनीच्या मालकीची असते. परंतु जगात अशाही काही ओसऱ्या आहेत, की ज्यांची बांधणी कशी केली हे कोणालाही वाचता येते, हवी तशी बदलता येते आणि शेजाऱ्यालाही देता येते. अशा प्रोग्रामांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ग्नोम आणि के.डी.ई. या त्यांतल्या दोन मोठ्या ओसऱ्या. लिनक्स नावाची प्रणाली ज्या संगणकांवर चालते, त्यांच्यावर या बहुधा पाहायला मिळतात.

आज त्यांच्या बांधणीविषयी मला बोलायचे नाही. त्या वापराव्या कशा हे ज्या पानांत लिहून ठेवलेले असते, त्या पानांविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, माहितीपुस्तिकेला कसला आला आहे इतिहास? पण आहे. आणि ज्याला कोणाला दुसऱ्याला काही शिकवायचे आहे, त्याने तो ऐकावा असा आहे.

आरंभ १९७१ सालापासून करू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाची प्रणाली रचली होती. तिची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. तिची रचना अशी, की प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. पानावर आधी आज्ञेचे नाव, मग ती कशी द्यावी ते, मग तिचे वर्णन. आणि खाली आणखी दोन गोष्टी. एक, ‘दोष’, म्हणजे या आज्ञेत काय चुकते, काय अजून जमत नाही, ते. दुसरी, हे काम ज्याचे, त्याची खूण. आपल्या मालातले वैगुण्य आपणच लिहून ठेवायचे, आणि जबाब कोणाला विचारायचा तेही सांगायचे! बाजारातल्या किती वस्तूंबरोबर असा कागद मिळतो, याचा तुम्हीच विचार करा. पुढे थोड्याच काळात ही पाने संगणकाच्या पडद्यावरच वाचण्याची सोय झाली. पुस्तक शोधायला उठायचे कारण उरले नाही.

पण ही पाने जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेली होती. आज्ञेचे नाव ठाऊक असेल तर पान सापडणार. ज्याला नावच ठाऊक नाही, त्याने काय करावे? ही अडचण ध्यानात ठेवा. पुढची चाळीस वर्षे तिच्याभोवती फिरली आहेत.

१९८३ सालच्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले, की युनिक्ससारखीच, पण सर्वांना मुक्त अशी प्रणाली आपण बांधणार. तिचे नाव ग्नू. प्रोग्राम मुक्त हवा, हे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. त्याला जोडून त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, तो मात्र कमी लोकांना माहीत आहे. प्रोग्रामाबरोबर त्याची पुस्तिकाही मुक्त हवी, असे ते सांगत आले. कारण उघड आहे. प्रोग्राम बदलण्याची मला मोकळीक आहे, मी तो बदलला. पण पुस्तिकेला हात लावायची मनाई असेल, तर पुस्तिका एक सांगते आणि प्रोग्राम दुसरेच करतो. म्हणजे बदलाची मोकळीक असून नसल्यासारखी. या विचारातूनच मार्च २००० मध्ये पुस्तिकांसाठी स्वतंत्र मुक्त परवाना निघाला.

इकडे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि पुढच्याच वर्षी त्याविषयी लिहिण्यासाठी ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ नावाचा स्वयंसेवकांचा उद्योग सुरू झाला. त्यांनी पुस्तके लिहिली, आणि ‘हे कसे करावे’ अशा प्रकारची टिपणे लिहिली. छापणीयंत्र कसे जोडावे, आवाज कसा चालू करावा. एक काम, एक टिपण. लक्षात घ्या, पान आता आज्ञेच्या नावावरून सरकून माणसाच्या कामापाशी येऊ लागले होते.

नंतर डेस्कटॉप आले. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिख याने के.डी.ई.ची घोषणा केली. त्याचे गाऱ्हाणे असे, की युनिक्सवरचे प्रोग्राम एकासारखा एक दिसत नाहीत, एकासारखा एक चालत नाहीत. सामान्य माणसाने वापरावे तरी कसे? के.डी.ई. ज्या पायावर उभी होती त्याचा परवाना त्या वेळी पूर्ण मुक्त नव्हता, म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोघांनी ग्नोमचा आरंभ केला. के.डी.ई.ची पहिली पक्की आवृत्ती जुलै १९९८ मध्ये आली, ग्नोमची मार्च १९९९ मध्ये.

इथे परिस्थिती पालटली. आतापर्यंत वापरणारा आणि बांधणारा बहुधा एकाच बिरादरीतले असत. आता वापरणारा म्हणजे कचेरीतला कारकून, शाळेतली मुलगी, दुकानदार. त्याला ‘पुस्तिका वाच’ एवढेच उत्तर देऊन भागण्यासारखे नव्हते. आणि ते उत्तर तर सर्रास दिले जात असे, तेही वैतागून. असे उत्तर मिळालेला माणूस भांडत नाही. तो मुकाट्याने निघून जातो, आणि पुन्हा येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे खरे नुकसान होते ते हे, आणि ते कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

पुस्तिका लिहिणार कोण, हा मोठा प्रश्न होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला पुस्तिका लिहिण्याचा कंटाळा. आणि त्याला सगळेच ठाऊक असल्याने नवख्याला काय अडते ते त्याला दिसत नाही. ग्नोमच्या बाबतीत या वेळी सन मायक्रोसिस्टिम्स ही अमेरिकन कंपनी मदतीला आली. तिने २००१ मध्ये सवय नसलेल्या माणसांना ग्नोमपुढे बसवून ती कुठे अडखळतात हे पाहिले, आणि त्याचा अहवाल सर्वांसाठी खुला केला. जून २००२ मध्ये ग्नोमची दुसरी पिढी निघाली. तिची मोठी मार्गदर्शिका, लेखनाचे नियम, आणि अपंग वापरकर्त्यांसाठी वेगळी मार्गदर्शिका, हे काम सनच्या पगारी लेखकांनी केले. काम नीटनेटके होते, यात शंका नाही.

मग बिघडले कुठे? ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. दर खेपेला काही बटणे हलतात, काही नावे बदलतात, काही खिडक्या जातात. मार्गदर्शिका मात्र एक सलग ग्रंथ होता: प्रकरण पहिले, दुसरे, तिसरे. एक बटण हलले की तीन प्रकरणांत दुरुस्ती. हौशी स्वयंसेवकाने यावे, एवढा ग्रंथ पाहावा आणि हात जोडून परत जावे. त्यात कंपनीचे दिवस फिरले. जानेवारी २०१० मध्ये सन ही ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेली. एका दात्याने बांधलेल्या धर्मशाळेचे पुढे काय होते, ते आपल्याला सांगायला नको. छप्पर गळायला लागले म्हणजे कळते, की शाकारणी कोणी करायची हे ठरलेलेच नव्हते.

आणि जुनी पुस्तिका ही नसलेल्या पुस्तिकेपेक्षा वाईट. पुस्तिका नसेल तर माणूस कोणाला तरी विचारील. पण पुस्तिका जर सांगत असेल की उजव्या कोपऱ्यातले बटण दाबा, आणि त्या कोपऱ्यात बटणच नसेल, तर नवखा म्हणतो, माझेच काहीतरी चुकले. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा विचार करा. ग्नोममध्ये ऑर्का नावाचा प्रोग्राम आहे, तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. त्या वापरकर्त्याला पडद्यावर नजर फिरवून खात्री करून घेता येत नाही. त्याच्यापुढे असते ते लिहिलेले वाक्य. ते वाक्य चुकले की त्याची वाट बंद झाली.

या अडचणीवर दोन निराळे उपाय निघाले. के.डी.ई.च्या मंडळींनी २००८ मध्ये ‘यूजरबेस’ नावाची जागा उघडली. तिथली पाने वापरणाऱ्यांनीच लिहावीत, वापरणाऱ्यांनीच सुधारावीत. ज्याला काल एखादी गोष्ट कळली, त्याने आज ती दुसऱ्यासाठी लिहून ठेवावी. याच्यात एक मर्म आहे. नुकताच शिकलेला माणूस उत्तम सांगतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असते.

ग्नोमने वेगळी वाट धरली. शॉन मॅककान्स या लेखक-प्रोग्रामकाराने मदतपाने लिहिण्याची एक नवी पद्धत बसवली, आणि तिला मॅलर्ड या बदकाचे नाव दिले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी पिढी निघाली तेव्हा पडद्याचे रूप इतके पालटले होते, की जुना ग्रंथ ठिगळे लावून चालण्यासारखा नव्हता. तेव्हा मदत या नव्या पद्धतीने पुन्हा लिहायला घेतली. ग्रंथ मोडून त्याची सुटी पाने केली. एक पान म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर. ‘अक्षरे मोठी कशी करावीत?’ एक पान. ‘फाइल चुकून पुसली, परत कशी मिळवावी?’ दुसरे पान. वाचणारा अनुक्रमणिका चाळायला येत नाही. तो अडला म्हणून येतो, आणि अडलेल्याला प्रकरण नको असते.

या पद्धतीतल्या दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी: ग्रंथात नवे पान घालायचे तर अनुक्रमणिका दुरुस्त करावी लागते. इथे उलटे आहे. पानानेच स्वतःवर लिहायचे, की ‘मी अमुक विषयाखालचा’. यादी आपोआप तयार होते. त्यामुळे दूरदेशीचा एखादा विद्यार्थी एकच पान लिहून देऊ शकतो. बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. दुसरी युक्ती, प्रत्येक पानावर त्याची अवस्था नोंदवायची: हे नुसते टाचण आहे, हे अपुरे आहे, हा कच्चा मसुदा आहे, हे जुने झाले आहे, हे तपासायचे आहे, हे पक्के आहे. युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतला ‘दोष’ हा मथळा तुम्हाला आठवत असेल. तोच प्रामाणिकपणा इथे नव्या रूपात आला. कोणते पान शिळे आहे हे लिहून ठेवले, म्हणून कामाला बसणाऱ्याला आज कुठून सुरुवात करायची ते कळते.

याच सुमारास, २०१० पासून, ग्नोमने स्त्रियांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात आणण्यासाठी आपली उमेदवारीची योजना पुन्हा चालू केली. तिच्यात प्रोग्राम लिहिण्याबरोबरच मदतपाने लिहिणे हेही काम धरले होते. लिहिणे हे दुय्यम काम नव्हे, त्यालाही विद्यावेतन द्यावे, हा त्याचा अर्थ.

आता भाषेची गोष्ट. मदतपानांचे भाषांतर परिच्छेदापरिच्छेदाने होते. मूळ इंग्रजी परिच्छेद बदलला, की त्याच्या भाषांतरावर खूण पडते: हे आता नीट जुळत नाही, पाहा. म्हणून मूळ लेखकाने उगीच एक शब्द बदलला, तर जगभरातल्या कितीतरी भाषांतरकारांना पुन्हा बसावे लागते. पडद्याची चित्रे पानांत घातली, तर तीही प्रत्येक भाषेत नव्याने काढावी लागतात. म्हणूनच साधे वाक्य आणि मोजकी चित्रे ही इथे काटकसर ठरते. आपल्या मराठीतही ग्नोम आणि के.डी.ई. यांच्या पडद्यांवरचे शब्द उतरले आहेत. काही स्वयंसेवकांनी ते काम केले, आणि रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातील भाषा विभागात मराठीसह अनेक भारतीय भाषांचे काम झाले. परंतु भाषांतर हे एकदा करून मोकळे होण्याचे काम नाही. दर सहा महिन्यांनी खुणा पडतात, आणि कोणीतरी त्या पाहाव्या लागतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या इतिहासातून तुम्हाला नवे काही सांगितले असे मी म्हणत नाही. धडा किती चांगला सांगितला याची परीक्षा मागच्या बाकावरच्या मुलाला काय कळले यावरून होते, हे तुम्ही रोज पाहता. संगणकाच्या जगाला तेच कळायला सुमारे चाळीस वर्षे लागली. सांगणाऱ्याच्या सोयीचे पुस्तक सोडून विचारणाऱ्याच्या सोयीचे पान लिहायला त्याला तेवढा काळ गेला.

तेव्हा शाळेतल्या संगणकावर अशी एखादी मुक्त ओसरी असेल, तर तिची मदतपाने एकदा मुलांकडून वाचून घ्या. जे वाक्य त्यांना कळणार नाही, जे बटण सांगितल्या जागी सापडणार नाही, ते वहीत टिपून ठेवा आणि त्या मंडळींना कळवा. प्रोग्राम लिहिता येत नसला तरी एवढे करता येते. त्या पानांवर दुरुस्तीचा हक्क जसा लेखकाचा आहे तसा तुमचाही आहे, आणि ‘हे मला कळले नाही’ एवढे मोकळेपणाने कळवणे हीसुद्धा त्या कामातली मदतच आहे.