उल्केचा नाद आणि साक्षीदाराचा शब्द

वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून ऐकू येतो, हे लहान पोरालाही ठाऊक असते. आकाश उजळून टाकणाऱ्या मोठ्या उल्केलाही हाच नियम लागू व्हावयास हवा. परंतु शतकानुशतके काही माणसे वेगळेच सांगत आली आहेत: उजेड दिसला त्याच क्षणी कानाशी सळसळ झाली. या साक्षीचे काय करावे, हा विज्ञानापुढील एक जुना पेच आहे.

मार्च १७१९ मध्ये इंग्लंडच्या आकाशातून एक प्रखर उल्का गेली. एडमंड हॅली यांनी ठिकठिकाणची वृत्ते जुळवून तिची उंची ६० मैलांहून अधिक ठरविली. तेथून ध्वनी पोहोचावयास पाच मिनिटे तरी लागावीत. साहजिकच, तत्क्षणी सळसळ ऐकल्याचे सांगणे हा हॅलींनी निव्वळ कल्पनेचा खेळ मानला. गणित चोख होते. निकाल मात्र घाईचा होता.

१८ ऑगस्ट १७८३ च्या रात्री विंडसर राजवाड्याच्या गच्चीवरून टिबेरियस कव्हॅलो यांनी अशीच एक उल्का पाहिली. दूरच्या मेघगर्जनेसारखा नाद त्यांच्या कानी आला तो सुमारे दहा मिनिटांनी. येथे नियम पाळला गेला. तथापि त्याच उल्केची सळसळ तत्काळ ऐकल्याचे सांगणारेही होते. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८४ च्या आपल्या निबंधात त्यांना खोटे ठरविले नाही. त्यांनी हा प्रश्न पुढील निरीक्षकांवर सोपविला.

तो पुढे नेण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाचे कॉलिन के यांनी सुचविले, की उल्केपासून निघणाऱ्या अतिदीर्घ रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने येतात आणि पाहणाऱ्याच्या आसपासच्या वस्तूंना कंप देतात. २०१७ मध्ये दुसरा विचार पुढे आला: उल्केचा प्रकाश वेगाने लुकलुकतो, त्याने पाने, केस, गडद कापड क्षणोक्षणी तापतात, लगतची हवा थरथरते आणि सळसळ उमटते. दोन्ही विचारांत आवाज आकाशात नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या शेजारीच जन्मतो. अंतिम निवाडा अद्याप झालेला नाही.

प्रकाश आणि नाद यांतील अंतर कधी जिवावरही बेतते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क येथे लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले. दोन मिनिटांहून अधिक काळाने आघातलहर आली, काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली.

हॅलींची विद्वत्ता याने उणी होत नाही. पण जे आपल्या गणितात बसत नाही, ते सांगणारा खोटाच असतो असे नाही. ब्लॅग्डेन यांनी त्या साक्षीदारांचा शब्द खोडला नाही, जपून ठेवला. त्यांचे हे मौन हॅलींच्या निकालापेक्षा अधिक शास्त्रीय ठरले.