पोस्टकार्डावरचे शिपाई : जुन्या लष्करी फोटोंचा काळ कसा ओळखावा

आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी आणखी एक फोटो टांगलेला असतो. हाताच्या पंजाएवढा, कडा पिवळ्या पडलेला. त्यात मागच्या पडद्यावर रंगवलेला बाग नाहीतर खांब, पुढे सतरंजी आणि मधोमध ताठ उभा राहिलेला एक शिपाई असतो. कुणाचा, म्हणून विचारले की उत्तर तयार असते, "आमचे पणजोबा, पलटणीत होते." कोणती पलटण, कोणते साल, हे विचारले की घरात एकमेकांच्या तोंडाकडे बघणे सुरू होते.

असा फोटो चौकटीतून काढून उलटा केला तर मागे बहुतेक वेळा मधोमध एक उभी रेघ दिसते. डावीकडे मजकुराची जागा, उजवीकडे पत्त्याची, कोपऱ्यात तिकिटाचा चौकोन. म्हणजे हे पोस्टकार्डच आहे. छावणीच्या गावातले स्टुडिओवाले फोटो थेट अशा जाड कागदावर छापून देत. शिपायाने तिकीट लावले की फोटो गावाकडे रवाना. आम्ही विहारातले काही जण गेली काही वर्षे असे फोटो जमवत आहोत. मूळ फोटो ज्याच्या त्याच्या घरीच राहतो, आम्ही फक्त नक्कल ठेवतो. शिवाय जुन्या बाजारातून परदेशी छापाची लष्करी पोस्टकार्डेही थोडीफार घेतली. ती जुळवता जुळवता काळ ओळखण्याच्या ज्या खुणा हाती लागल्या त्या इथे मांडतो.

पहिला नियम सोपा आहे. फोटोत जी सर्वांत नवी वस्तू दिसते तिच्या आधीचा तो फोटो असूच शकत नाही. बाकी सगळी वस्तुस्थिती जुनी असली तरी एका नव्या बक्कलाने तारीख पुढे सरकते. उलट जुन्या वस्तूवरून मात्र काही ठरत नाही, कारण लष्करात जुने सामान वर्षानुवर्षे वापरतात. आता रायफलच बघा. नळीचे तोंड लाकडातून जेमतेम बाहेर आलेली, बसक्या नाकाची ली-एनफिल्ड रायफल, तिचा तिसरा मार्क १९०७ सालचा. आपल्या सैन्यात ती १९६२ च्या चीन युद्धापर्यंत होती. म्हणजे रायफल बघून पन्नास-पंचावन्न वर्षांतले कोणतेही साल सांगता येईल! लोक मात्र सगळ्यात आधी रायफलच बघतात.

त्यापेक्षा पट्टे जास्त बोलतात. खांद्यावरून छातीवर आडवा गेलेला, काडतुसांचे कप्पे असलेला चामडी पट्टा हा १९०३ च्या नमुन्याचा. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी पायदळाच्या कितीतरी फोटोंत तो दिसतो. छातीच्या दोन्ही बाजूंना जाड विणीच्या कापडाच्या दोन मोठ्या चौकोनी पिशव्या असतील तर तो १९३७ चा नमुना. ब्रेन मशीनगनची मॅगझिन मावावी म्हणून त्या पिशव्या एवढ्या मोठ्या केल्या. त्या दिसल्या की पहिल्या महायुद्धाचे नाव सोडून द्यायचे.

खांद्यावरची पितळी अक्षरे हा दुसरा भरवशाचा पुरावा. १९०३ साली लॉर्ड किचनेरने हिंदी पलटणींना एका ओळीत नवे आकडे दिले तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. मुंबईची तिसरी होती ती १०३ झाली, सातवी होती ती १०७ झाली. १९२२ साली पुन्हा फेररचना झाली, १०३ वगैरे आकडे गेले आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री आली. १९४५ मध्ये तो पाचाचा आकडाही गेला. तेव्हा खांद्यावर शंभराच्या पुढचा आकडा दिसला की फोटो १९०३ ते १९२२ मधला. भिंग घेऊन बसायचे ते एवढ्यासाठीच.

आता फ्रान्सच्या पोस्टकार्डांबद्दल. २६ सप्टेंबर १९१४ पासून हिंदी फौजा मार्सेल्स बंदरात उतरू लागल्या. लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन होत्या आणि मीरतबरोबर आपली मुंबईकडची १०७ पायोनिअर्स पलटण होती. फ्रेंच छापखानेवाल्यांनी त्यांची शेकडो पोस्टकार्डे काढली. रस्त्याने चाललेले शिपाई, फुले देणाऱ्या बाया, तळावर पोळ्या भाजणारे लोक, सगळे त्यात आहे. खाली मजकूर 'हिंदू' असा. त्यात शीख असोत, मुसलमान असोत, गुरखा असोत, फ्रेंचांच्या लेखी सगळे 'हिंदू'च! म्हणून छापील मजकुरावर विसंबू नये, कपड्यांकडे बघावे. अंगात पातळ सुती खाकी असेल तर ते शिपाई नुकतेच उतरलेले. हिंदुस्थानातून आले तसेच ते थंडीत उभे आहेत. अंगावर लोकरीचे जाड कपडे, ओव्हरकोट दिसले तर नंतरचा हिवाळा. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रजवळ जर्मनांनी विषारी वायू सोडला, त्यानंतर तोंडाला बांधायच्या साधनांच्या पिशव्या दिसू लागतात. हिंदी पायदळ १९१५ संपता संपता फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे गेले आणि ब्रिटिशांच्या लोखंडी टोप्या सर्रास झाल्या त्या १९१६ पासून. तेव्हा फ्रान्समध्ये लोखंडी टोपी घातलेला हिंदी माणूस दिसला तर तो पायदळातला नव्हे, मागे राहिलेल्या घोडदळातला किंवा १९१७ साली आलेल्या मजूर पलटणीतला समजावा.

या कार्डांत आम्हाला खरे थांबायला लावतात ती कडेला उभी असलेली माणसे. रांगेत बंदूकवाले शिपाई आणि एका टोकाला एकदोन जण, त्यांच्या अंगावर ना पट्टा, ना काडतुसे, ना खांद्यावर आकडा. साधा कोट, हातात बादली नाहीतर खेचराची दोरी. हे भिस्ती, स्वयंपाकी, सफाईवाले, खेचरवाले. लष्करी भाषेत 'फॉलोअर', म्हणजे मागून चालणारे. गणवेशाच्या खुणांवरून ते ओळखू येतात, म्हणजे खरे तर खुणा नसण्यावरून. इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात डिसेंबर १९१४ मध्ये हिंदी जखमींसाठी इस्पितळ उघडले, त्याचीही पोस्टकार्डे निघाली. तिथे धर्म आणि जाती सांभाळायला नऊ स्वयंपाकघरे होती. हजारो मैल समुद्र ओलांडला तरी चूल वेगळीच राहिली. त्याच देशात ब्रोकनहर्स्ट गावच्या इस्पितळात सुखा नावाचा एक सफाई कामगार १२ जानेवारी १९१५ ला वारला. तो अस्पृश्य म्हणून ना हिंदूंनी त्याला अग्नी दिला, ना मुसलमानांनी माती. शेवटी तिथल्या चर्चने त्याला आपल्या आवारात जागा दिली आणि गावच्या लोकांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो दगड आजही सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. कडेला उभ्या असलेल्या माणसांपैकी ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे असा हा एखादाच.

आपल्या घरांतले फोटो वाचताना मात्र कपड्यांबरोबर भरतीचा इतिहासही डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांच्या पिढीपर्यंत महार शिपाई मुंबईच्या पलटणींत होते. १८९२-९३ च्या सुमारास भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, सरकारने १११ महार ही पलटण उभी केली. गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. मग पुन्हा वीस वर्षे दार बंद. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

एवढे साल लक्षात ठेवले की टोपीवरचा बिल्ला वाचता येतो. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आणि 'महार' ही अक्षरे. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, तेव्हा स्तंभाला एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगनांची जोड मिळाली. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. नुसता स्तंभ असेल तर १९४१ ते ४६, तोफा आणि स्तंभ असेल तर १९४६ च्या पुढे, कट्यार असेल तर त्याहून अलीकडचा, असा हा हिशेब.

याच हिशेबाने आपल्या वस्तीतल्या एका घरचा फोटो उलगडला. मागे बॉलपेनने लिहिलेले, 'आजोबा, महार पलटण, १९१८'. घरातली चार माणसे तेच सांगत होती. भिंग लावले तर छातीवर ३७ च्या नमुन्याचे पट्टे, टोपीवर तोफा आणि स्तंभ. खिशावरच्या फितींत एक तीन समान पट्ट्यांची, मधला पट्टा पांढरा, बाजूचे दोन करडे. ती भारतीय स्वातंत्र्य पदकाची, केशरी-पांढरी-हिरवी. १५ ऑगस्ट १९४७ ला जे नोकरीत होते त्यांना ते पदक मिळाले. म्हणजे फोटो स्वातंत्र्यानंतरचा. घरचे लोक जरा हिरमुसलेच. तीस वर्षे भिंतीवर १९१८ म्हणून मिरवले, ते असे एकदम गेले. मग आतून आत्या आल्या, वय ऐंशीच्या पुढे. फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "आरं, हे माझं आबा हाईत. आजा न्हवं. मला कुणी इचारलंच न्हाई." त्यांनीच ट्रंकेच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढून दिला. आजोबांचा डिस्चार्जचा कागद, १११ महार, साल १९२१.

म्हणजे घरात दोन शिपाई होते, बाप आणि लेक. नातवंडांच्या बोलण्यात त्यांचा एकच माणूस झाला होता. बापाला १९२१ मध्ये घरी पाठवले, लेक १९४१ नंतर भरती झाला. मधल्या वीस वर्षांत बापाने काय केले, असे आम्ही आत्यांना विचारले. "गावकी केली, दुसरं काय," त्या म्हणाल्या. ज्या हातांनी रायफल धरली त्याच हातांनी पुन्हा वेशीवरची कामे. ती वीस वर्षे कोणत्याही फोटोत नाहीत. फोटोला १९१८ म्हटले असते तर ती कुणाच्या ध्यानातही आली नसती.

आता काही फसव्या जागा. काळ्या-पांढऱ्या फोटोत खाकी आणि हिरवा सारखाच दिसतो, म्हणून 'हा बर्माचा जंगल पोषाख' असे ठामपणे सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या काचांना लाल रंग दिसत नसे. लाल फीत काळी उठते, निळी फिकी उठते, त्यामुळे फितींचा रंग अंदाजाने सांगण्यात धोका आहे. कधी निगेटिव्ह उलटी छापलेली असते. रायफलची खिट्टी डाव्या हाताला दिसली किंवा बिल्ल्याची अक्षरे उलटी वाटली की ते कळते. स्टुडिओत उसना कोट घालून काढलेले फोटोही असतात, बाह्या बोटांपर्यंत आल्या की ओळखावे. आणि पुष्कळदा जुन्या फोटोचाच पुन्हा फोटो काढून मोठा केलेला असतो. तिथे कागदाचे वय वेगळे, माणसाचे वेगळे. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कागद झगझगीत चमकला तर तो कागद साधारण १९५० नंतरचा, पण त्यावरचा शिपाई कितीही जुना असू शकतो.

मागची बाजू कधीच सोडू नये. मधली रेघ ब्रिटनमध्ये १९०२ पासून आली, त्याआधी त्या बाजूला फक्त पत्ता लिहीत. तिकिटावर पंचम जॉर्ज असेल तर १९११ ते १९३६ च्या आसपास, पुढे सहावे जॉर्ज. तिकिटावर 'आय.ई.एफ.' ही अक्षरे ठोकलेली असतील तर ते १९१४ पासून परदेशी गेलेल्या हिंदी फौजेचे. तिकिटाची किंमत नव्या पैशांत असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचे. हुद्द्याचा शब्दही बघावा. पायदळात 'जमादार' १९६५ साली 'नायब सुभेदार' झाला, त्यामुळे 'जमादार अमुक' असे त्या वेळचेच अक्षर असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा. १९५० साली प्रजासत्ताक झाल्यावर अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचा मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. आपल्या घरातल्या फोटोंत सिंहवाले थोडे आहेत, पण आहेत.

एक फोटो अजून अडला आहे. गुडघ्यापर्यंतची चड्डी, पिंढऱ्यांना पट्ट्या, खांद्यावर काही नाही, कंबरेला साधा चामडी पट्टा, शेजारी खुर्चीत बसलेली नऊवारीतली बाई आणि तिच्या मांडीवर मूल. मागे फक्त 'पोस्ट कार्ड', बाकी कोरे. ज्यांच्याकडून आला त्यांनाही माणूस ठाऊक नाही. कुणाच्या घरी याची जोडी असेल तर घेऊन या. दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, चौकटीसकट आणा. मागे बॉलपेनने काही लिहू नका. आणि येताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा.