डावी वर की उजवी वर?

कुर्त्याची बटणपट्टी नीट बसली तर कुर्ता घरी शिवलाय हे कुणाला कळतही नाही, आणि फसली तर लांबूनच कळतं. शिवण शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती हिचीच. बाही बिघडली तर उसवता येते. इथे मात्र अख्ख्या कापडाला मधोमध चीर द्यायची असते, आणि दिलेली चीर परत घेता येत नाही.

रीत तशी सोपी आहे. तयार पट्टी एक इंच रुंद हवी असेल तर तीन-तीन इंचांच्या दोन पट्ट्या कापायच्या. कुर्त्याच्या पुढच्या भागावर मध्यरेषा आखायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या इंचावर एकेक पट्टी टिपायची. दोन टिपांमधलं अंतर बरोबर पट्टीएवढं, एक इंच. मग मधून कापत जायचं, पण तळापाशी इंचभर आधी थांबायचं आणि तिथून दोन्ही टिपांच्या टोकांपर्यंत तिरप्या चिरा द्यायच्या. एक छोटा त्रिकोण उरतो. सगळी मेख या त्रिकोणात. चीर टोकाला एक धागा अलीकडे राहिली तर चुणी पडते, एक धागा पलीकडे गेली तर भोक. मग पट्ट्या दुमडून एकावर एक ठेवायच्या, त्रिकोण आत घ्यायचा आणि तळाशी चौकोनी टीप मारायची.

आता गंमत बघा. दोन्ही पट्ट्या सारख्याच असतात. चौकोनी टीप पडेपर्यंत डावी वर ठेवा की उजवी, कापडाला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसांना, आणि तोही फार जुन्या काळापासून.

आपल्याकडे बटणांच्या आधी बंद होते. अंगरखा, बाराबंदी हे सगळे बांधायचे कपडे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत दर जानेवारीत पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी आजही दिसते. बंदाच्या कपड्याला चीर द्यावी लागत नाही, एक पल्ला दुसऱ्यावर घ्यायचा आणि बगलेखाली गाठ मारायची. पण गाठ कुठल्या बगलेखाली? ‘आईन-ई-अकबरी’त अबुल फजलने तकौचिया नावाच्या, हिंदुस्थानी घाटाच्या अंगरख्याबद्दल लिहून ठेवलंय, की तो पूर्वी डावीकडे बांधत, बादशहाने घेर गोल करून तो उजवीकडे बांधायचा हुकूम दिला. पुढे साधारण रिवाजच पडला, मुसलमानांची गाठ उजवीकडे, हिंदूंची डावीकडे. म्हणूनच जुन्या लघुचित्रातल्या दरबाऱ्याचा धर्म ओळखताना अभ्यासक आधी त्याची बगल बघतात!

हे फक्त आपलंच वेड नाही. चीनमध्ये डावा पल्ला वर घेऊन उजवीकडे बांधणारे ते सुसंस्कृत, उलटं बांधणारे रानटी, अशी समजूत होती. कन्फ्यूशियसच्या संवादात ग्वान झोंग या मंत्र्याची थोरवी सांगताना हाच दाखला येतो. तो नसता तर आपण केस मोकळे सोडून डावीकडे कपडे बांधत असतो, अशा अर्थाचा. जपानने ७१९ साली सगळ्यांनी उजवीकडेच बांधावं असा हुकूम काढला. किमोनो आजही बाई असो की पुरुष, डावा पल्ला वरच. उजवा वर येतो तो फक्त प्रेताला नेसवताना.

युरोपात तेराव्या शतकात काजं आली आणि बटण दागिन्याचं कामाला लागलं. (मोहेंजोदडोत शिंपल्याची बटणं सापडली आहेत, पण ती मुख्यतः शोभेची.) तरीही शर्ट एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक डोक्यातूनच घालायचे, आपल्या कुर्त्यासारखे. पुढे पुरुषांची डावी पट्टी वर आणि बायकांची उजवी वर हा नेम पक्का झाला. पुरुषाला तलवार उपसायची असे, श्रीमंत बाईला दासी कपडे चढवत असे, अशी कारणं सांगतात. ऐकायला छान, पण ती मागाहून रचलेली वाटतात. इंग्रजी फॅशनबरोबर हा नेम आपल्या शिंप्यांकडेही आला. गाठ धर्म सांगायची, पट्टी बाई की पुरुष ते सांगू लागली. जपानी हिशेबाने बघितलं तर आपण बायकांना आयुष्यभर मेलेल्यांची घडी घालायला लावतोय!

माझ्या हातून मुलग्यांचे आणि मुलींचे कुर्ते बरेच शिवून होतात. मी दोघांनाही डावीच पट्टी वर ठेवते. माझ्या उजव्या हाताला ती टिपायला सोयीची, एवढंच कारण. कधी कुणी आई म्हणते, "अहो, ही तर जेंट्स पट्टी झाली." मी म्हणते, कुर्ता उलटा करून आतला कोपरा बघा, चुणी आहे का, धागा सुटलाय का? ते बघून बहुतेक जणी घेऊन जातात, एखादी नाही घेत. असो.

मला एवढंच वाटतं, की कुठली बाजू वर हे ज्यांनी ज्यांनी ठरवलं, त्यांनी कापडाकडे बघून नाही ठरवलं. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाकडे तरी बघून ठरवलं, आपण त्याच्यासारखे दिसू नये म्हणून. कपडा टिकतो तो मात्र तळाच्या त्या त्रिकोणावर, आणि तो कुणाला दिसत नाही.