डाव्या पायावरची बंदी

१९८९ साली जिम शेरिडन यांचा 'माय लेफ्ट फूट' हा चित्रपट प्रदर्शित झाला. नायकाच्या भूमिकेसाठी डॅनियल डे-लुईस आणि आईच्या भूमिकेसाठी ब्रेंडा फ्रिकर, दोघांनाही ऑस्कर मिळाले. मात्र ज्याच्या आत्मचरित्रावर तो बेतला, त्या ख्रिस्टी ब्राऊनचा सर्वांत कठीण निर्णय फारसा कोणाला ठाऊक नसतो. आजचा धागा त्याविषयी.

ख्रिस्टीचा जन्म १९३२ चा, डब्लिनचा. वडील गवंडी, आईची २२ बाळंतपणे, त्यांतील १३ मुले जगली. ख्रिस्टीला सेरेब्रल पाल्सी होती. हातांवर ताबा नव्हता, बोलणे घरच्यांनाच काय ते उमगे. डॉक्टरांनी आशा सोडली. आईने सोडली नाही. पाचव्या वर्षी त्याने बहिणीच्या हातातील खडू डाव्या पायाच्या बोटांनी ओढून घेतला आणि आईने जमिनीवर काढलेले 'ए' हे अक्षर गिरवले. पुढे त्याच पायाने तो चित्रे रंगवू लागला. एवढाच एक अवयव त्याच्या स्वाधीन होता.

तारुण्यात डॉ. रॉबर्ट कॉलिस यांनी त्याच्यावर उपचार आरंभले. त्यांची भावजय आयरीन कॉलिस लंडनमध्ये याच व्याधीची तज्ज्ञ होती. तिने तपासून अट घातली: डावा पाय वापरणे सोडायचे. त्याच्यावर विसंबल्याने उर्वरित शरीरावर ताण पडतो आणि बाकीचे अवयव शिकतच नाहीत, असे तिचे निदान होते. म्हणजे चित्रकाराने कुंचला ठेवायचा, तोही कदाचित कायमचा! ख्रिस्टीने होकार दिला.

आता विसंगती पाहा. 'माझा डावा पाय' असे ज्याचे नाव, ते पुस्तक त्याने बव्हंशी भावांना तोंडी सांगून लिहवले. पहिले खर्डे अवजड आणि पुस्तकी उतरले. स्वतः लेखक असलेल्या कॉलिस यांनी ते परखडपणे नाकारले व लेखनाचे धडे दिले. एकदा मात्र असह्य होऊन त्याने भावाला खोलीबाहेर घालवले, मोजा काढला आणि बंदी मोडून पायानेच लिहिले. माझ्या मते या आयुष्यातील सर्वांत नाट्यमय क्षण खडूचा नव्हे, हा आहे.

पुस्तक १९५४ मध्ये निघाले. चित्रपटात मात्र डॉ. आयलीन कोल हे काल्पनिक पात्र आहे, आणि खऱ्या कॉलिस दीर-भावजयीला तिथे स्थान नाही.

पुढे 'डाउन ऑल द डेज' ही कादंबरी त्याने डाव्या पायानेच टंकलिखित केली. ती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. १९८१ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो वारला; पडद्यावरचा ख्रिस्टी त्याने पाहिलाच नाही.