भुताचा माग : पैनगंगेच्या अलीकडून



भूत शोधायला निघायचे तर सुरुवात कोठून करावी, असे हल्ली तरुण मुले विचारतात. हातात मोबाइल असतो, एखाद्याकडे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारे छोटे यंत्रही असते, आणि कुठली तरी ओसाड गढी मनात आधीच ठरलेली असते. माझ्या वयाच्या पुष्कळांना हा पोरखेळ वाटतो. मला वाटत नाही. या उद्योगाला दीडशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, त्यातला काही भाग मराठी मुलखात घडला आहे, आणि आपल्या भागात तर या प्रश्नापायी माणसे जिवानिशी गेली आहेत. तेव्हा आधी इतिहास पाहू, यंत्राचे पुढे बघता येईल.

लंडनमध्ये १८६२ साली ‘घोस्ट क्लब’ निघाला आणि १८८२ साली ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’. या दुसऱ्या संस्थेत प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ होते. भूत आहे की नाही हा वाद बाजूला ठेवून साक्षी तपासायच्या, असे त्यांनी ठरवले. त्याच सुमारास मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईस येऊन गिरगावात राहिले होते. पुढे त्यांची थिऑसॉफिकल सोसायटी मद्रासजवळ अड्यारला गेली. छतातून पत्रे पडतात, अदृश्य महात्मे निरोप धाडतात, अशी त्यांची कीर्ती होती. त्याची चौकशी करायला लंडनच्या संस्थेने १८८४ च्या अखेरीस रिचर्ड हॉजसन या तरुणाला हिंदुस्थानात पाठवले. १८८५ च्या अहवालात त्याने सारे बनावट ठरवले. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालातील पक्षपातावर कडक टीका केली. तपासनिसालाही तपासावे लागते, हे नव्याने निघालेल्याने ध्यानात ठेवावे.

मराठी मुलखातील भुतांची पहिली मोठी मोजदाद मात्र शाळामास्तरांनी केली. आणि तिच्यामागचा माणूस आपणा सर्वांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हे जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, आणि लोकसमजुतींची माहिती गोळा करण्याचा त्यांना नाद होता. त्यांच्यामागे राहिलेली टिपणे एन्थोवेन यांनी लावून छापली. गुजरातचा भाग १९१४ मध्ये, कोकणचा १९१५ मध्ये. कोकणच्या भागात तळटीपांत गावोगावच्या शाळामास्तरांचा हवाला आहे. अमक्या गावचे मास्तर म्हणतात, मुंजा पिंपळावर राहतो. तमक्या गावचे म्हणतात, हडळीचे पाय उलटे. मास्तरांनी भूत पकडले नाही आणि खोटेही पाडले नाही. लोक काय म्हणतात ते लिहून पाठवले, आणि ते आजही उपयोगी पडते.

ही यादी नीट वाचली की एक गोष्ट दिसते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे निपुत्रिक किंवा ठेव्यात जीव अडकलेला. ज्या काळात गावोगावी मृत्यूची कारणे कोणी लिहीत नव्हते, त्या काळात कोण अवेळी मेले याची ही नोंदवहीच म्हणायची. हडळींच्या इतक्या गोष्टी का, याचे उत्तर त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीत आहे.

माझ्या धर्मापुरते बोलायचे तर जैन विचारात भटक्या आत्म्याला जागाच नाही. देह सुटला की जीव काही समयांत दुसऱ्या गतीत जातो. ‘समय’ हा आमच्याकडे काळाचा इतका सूक्ष्म अंश आहे की मधे झाडावर बसून राहायला सवड उरत नाही. भूत, पिशाच हे शब्द आमच्याकडे आहेत. ते व्यंतर देवांच्या आठ प्रकारांपैकी दोन. तरीही जैन घरांतूनही अमावास्येला लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली आहे. शास्त्र पोथीत राहते आणि शेजार दारात येतो.

जॅक्सन-एन्थोवेन यांचे काम ब्रिटिश मुंबई इलाख्यापुरते होते. आपण निजामाच्या राज्यात. १९५६ पर्यंत किनवट, राजुरा, इस्लापूर आदिलाबाद जिल्ह्यात होते. ते पलीकडे गेले आणि मुधोळ, भैंसा, कुबेर नांदेडकडून इकडे आले. २०१६ च्या फेररचनेत मुधोळ-भैंसा निर्मल जिल्ह्यात पडले. सीमा सरकल्या तशी आपली सोयरीक आणि आपली भुते दोन्ही काठांवर राहिली. आपल्याकडची बारकाईची नोंद केली ती हैमनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने. त्याचे राजगोंडांवरील पुस्तक १९४८ चे. गोंडांमध्ये मेलेला माणूस विधिपूर्वक कुळाच्या पेर्सा पेनशी जोडला जातो. म्हणजे पितर आणि देव यांच्यात आपल्याइतकी भिंत नाही. आपल्या नवशिक्या मुलाने उटनूरकडच्या पाड्यावर जाऊन ‘इथे भूत कुठे आहे’ असे विचारले, तर तो एखाद्याच्या आजोबांबद्दल विचारतो आहे, हे त्याला कळलेले बरे.

आता पद्धतीकडे येतो. नवशिक्यांसाठी पुस्तिका काढणारा माणूस हॅरी प्राइस. इंग्लंडमधील बोर्ली या गावचे पाद्र्याचे घर ‘झपाटलेले’ म्हणून गाजत होते. प्राइसने ते १९३७ मध्ये वर्षभरासाठी भाड्याने घेतले, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली आणि ४८ निरीक्षक जमवले. प्रत्येकाच्या हाती छापील सूचना दिल्या. घड्याळ लावून वेळ लिहा, तापमान लिहा, वस्तूंभोवती खडूने रिंगण आखा म्हणजे वस्तू हलली का ते कळेल. सूचना उत्तम होत्या. घोटाळा प्राइसच्या स्वभावात होता. त्याला गोष्ट रंगवायची सवय होती. त्याच्या मृत्यूनंतर १९५६ मध्ये त्याच संशोधन संस्थेतल्या तिघांनी त्याचे दावे एकेक करून खोडले. खडूचे रिंगण मात्र मला अजून आवडते. फुकट आहे आणि खोटे बोलत नाही.

डॉक्टर म्हणून मी या सामानात एक भर घालीन : खोलीची हवा. १९२१ साली विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. नव्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना पावले ऐकू येत, अंथरुणाशी कोणी उभे दिसे, छातीवर दडपण येई. कारण निघाले बिघडलेली भट्टी. तिचा कार्बन मोनॉक्साइड घरात साचत होता. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही. आपल्या जिल्ह्यातली थंडी तुम्हाला सांगायला नको. खिडक्या बंद करून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देण्याची रीत आपल्या आया-आज्यांनी पाळली. त्या खोलीत बाईचे डोके गरगरले, तिला कोपऱ्यात कोणी दिसले, तर घरच्यांनी हडळीचे नाव घेतले. बाळंतपणानंतरचा ताप, झटके, मनाचे आजार हेही तिथेच असत. प्रत्येक हडळीमागे शेगडी होती असे मी म्हणणार नाही; पण खिडकी उघडायला काय जाते?

जुन्या विहिरींचेही तसेच. साती आसरा माणूस ओढतात, एकामागून एक दोघे-तिघे नेतात, असे आपण ऐकत आलो. पडीक विहिरीच्या तळाशी जड, प्राणवायू नसलेली हवा साचते. पहिला उतरतो तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेटता कंदील दोरीने खाली सोडावा. विझला तर कोणी उतरू नये. नाही विझला तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण विषारी वायू कंदिलाला कळेलच असे नाही. हौशी तरुणांनी रात्री गढीत जाण्याआधी हे पाठ करावे. भुतापेक्षा विहीर, साप आणि कुजलेले माळवद यांनी मरण्याची शक्यता जास्त.

आता भानामती. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, अंगावर फुल्या उमटतात. नांदेड, लातूर, बिदर, गुलबर्गा, मेदक आणि आपण, या साऱ्या पट्ट्यात हे जुने दुखणे आहे. फुल्यांबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण त्या माझ्या टेबलावरच्या आहेत. आपल्या जंगलातला बिब्बा सर्वांना माहीत आहे. परीट त्याच्या तेलाने कपड्यांवर खुणा करीत. त्या धुऊन जात नाहीत. तेच तेल कातडीवर लागले की काळा डाग पडतो, आग होते, फोड येतात. बिब्बा उतला, असे आपण म्हणतो. काडीने ओढलेली फुली काही तासांनी ठसठशीत होते, म्हणून ती ‘आपोआप उमटली’ असे वाटते. आमच्या औषधीशास्त्रात हाच बिब्बा अ‍ॅनाकार्डियम ओरिएंटाले या नावाने येतो. त्याच्या मानसिक लक्षणांत, आपल्यावर दोन इच्छा राज्य करतात, एका खांद्याशी देवदूत आणि दुसऱ्याशी सैतान आहे, असे वाटणे सांगितले आहे. योगायोग म्हणा. बिब्ब्याची फुली ओढणारा हात ज्या घरातला असतो, त्या घरात असे दुभंगलेले मन पुष्कळदा भेटते.

हात घरातलाच असतो. महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी भानामतीची प्रकरणे हाताळली तेव्हा बहुधा हेच निघाले : सासुरवास सोसणारी सून, शाळा सुटलेली मुलगी, कोणी न विचारणारा मुलगा. श्याम मानव यांची समिती १९८२ ची, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची १९८९ ची. त्या कार्यकर्त्यांचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. माणूस सापडला तरी त्याचे नाव गावात सांगायचे नाही. एकट्याशी बोलायचे, दुखणे ऐकायचे, दगड थांबतात.

नियम मोडला की काय होते ते आपल्या बाजूस घडले आहे. देवऋषी ‘काय झाले’ असे विचारत नाही. ‘कोणी केले’ असे विचारतो. मग बोट शेजारच्या विधवेकडे किंवा म्हाताऱ्याकडे जाते. तेलंगणात चेटूक-करणीच्या संशयावरून लोकांचे दात पाडले गेले, मंत्राचा उच्चार करता येऊ नये म्हणून. लोक जाळले, मारले गेले. १९८० च्या दशकात मेदक जिल्ह्यात हे माजले तेव्हा विजयवाड्याच्या नास्तिक केंद्राच्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन रोगी तपासले, हातचलाखी उघडून दाखवली. हे केंद्र गोरा यांनी १९४० मध्ये काढलेले. ते वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते, आणि तरुणपणी भुताचे म्हणून टाकलेल्या घरात त्यांनी स्वतः मुक्काम करून पाहिला होता. आमच्या तरुणांना आदर्श हवा असेल तर तो इथे आहे.

डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी-भानामतीच्या नावाने कोणास मारणे, भूत उतरवण्याच्या बहाण्याने छळणे हे त्यात गुन्हे आहेत. तो कायदा पैनगंगेच्या पलीकडे लागू आहे. आपण अलीकडे राहतो.

तर सुरुवात कोठून? एक वही घ्या. रात्री नको, दिवसा जा. एकटे नको, दोघे जा. घरमालकाची परवानगी घ्या. ऐंशी पार केलेली माणसे अजून आहेत, त्यांच्याकडे बसा. गाव, सांगणाऱ्याचे वय, कोणत्या भाषेत सांगितले, भुताचे नाव मराठीत काय, गोंडीत काय, तेलुगूत काय, जागा कोणती, झाड कोणते, ते कधी आणि कसे मेले म्हणतात, हे लिहा. कोणी केले, असा रकाना ठेवू नका. निर्मलच्या ज्या वडावर रामजी गोंड आणि त्यांच्या साथीदारांना फासावर दिले असे सांगतात, तो वड आता नाही. हजार फासांचा वड ही त्याची आठवण आहे. म्हणून शेवटी आणखी एक रकाना आखा : ते झाड आज उभे आहे का.