औषध कारखान्यातली धूळ: कामगाराच्या श्वासात किती चालते?

१९७०च्या दशकात प्वेर्तो रिकोतल्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका कारखान्यात काही पुरुष कामगारांची छाती वाढू लागली. कारण होते इस्ट्रोजेनची भुकटी.

अशा त्रासापासून वाचवण्यासाठी औषधी घटकांची हवेतली मर्यादा ठरवतात. समजा, ज्याचा परिणाम दिसतो असा सर्वांत कमी रोजचा डोस १० मिलिग्रॅम आहे. माणसामाणसांतला फरक आणि अपुरी माहिती धरून त्याला १०० ने भागले. आठ तासांच्या शिफ्टमध्ये कामगार साधारण १० घनमीटर हवा घेतो, म्हणून पुन्हा १० ने. उत्तर: घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी धूळ.

खरी मेख त्या १०० मध्ये आहे. तो आकडा तज्ज्ञ ठरवतात, त्यामुळे एकाच औषधाची मर्यादा दोन कंपन्यांत वेगळी निघू शकते.