चौथीत शिवराय, पाचवीत 'काळ': लहान मुलांना जुना इतिहास कसा शिकवतात?

राज्य मंडळाच्या शाळांत तिसरीपासून 'परिसर अभ्यास' सुरू होतो. तिसरीचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असतं, चौथीला 'शिवछत्रपती' आणि पाचवीला थेट उत्क्रांती, अश्मयुग. गेली अनेक वर्षं हाच क्रम आहे. 'इतिहास आणि कालसंकल्पना' हा धडा मात्र पाचवीत येतो. म्हणजे 1630 हे साल मूल आधी पाठ करतं आणि ते मोजायचं कसं, हे वर्षभरानं शिकतं.

क्रम उलटा वाटला तरी त्याला कारण आहे. नऊ वर्षांच्या मुलाला सनावळी नाही, माणसं लक्षात राहतात. अफजलखानाची भेट, आग्र्याहून सुटका हे प्रसंग ऐकताना वर्ग गप्प होतो. अडचण पुढे येते. मुलांसाठी डायनासोर, शिवराय आणि आजोबांचं बालपण हे सगळं 'खूप वर्षांपूर्वी'च घडलेलं असतं.

यावर साधा उपाय म्हणजे दोरी. एका वर्षाला एक सेंटीमीटर धरायचा. मुलाचं वय बोटभर होतं, आजोबांचं पाऊण मीटरच्या आत. शिवजन्म जवळपास चार मीटरवर येतो. आणि कान्हेरीची सर्वांत जुनी लेणी? सुमारे वीस मीटरवर. दोरी वर्गात मावत नाही, व्हरांड्यात जावं लागतं. मुलांना काळ कळतो तो तिथे.

मुंबई उपनगरातल्या शाळांकडे यासाठी जे आहे, ते फार कमी शहरांकडे असेल. अंधेरीत महाकाली लेणी, शेजारी जोगेश्वरीची, बोरिवलीत मंडपेश्वर आणि राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी. (मुलुंडकरांना उद्यान खिडकीतून दिसतं, पण बसनं लेण्यांपर्यंत जायचं तर बोरिवलीला वळसा घालावा लागतो.) तरीही बहुतेक मुलांच्या डोक्यात इतिहास म्हणजे रायगड, प्रतापगड, आपण राहतो तिथे काही घडलंच नाही.

कान्हेरीत मुलांना मूर्तींची नावं सांगत बसू नये. पाण्याच्या टाक्या दाखवाव्यात. डोंगरावर नळ नसताना भिक्खू पाणी कुठून आणत, हा प्रश्न विचारला की मुलं कातळात खोदलेले पाट स्वतः शोधतात. इथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची गावं आहेत: कल्याण, सोपारा, नाशिक. लोकलच्या फलकावरचं कल्याण इतकं जुनं आहे, हे ऐकून मोठेही चकित होतात.

मंडपेश्वरला वेगळी गोष्ट शिकवता येते. खाली शैव लेणं, वर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष. एकाच जागी वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी काय केलं, ते मूल डोळ्यांनी पाहतं. पुराव्यावरून अंदाज बांधायची ही पहिली सवय. चौथीच्या गोष्टींत तिला फारशी जागा नसते, कारण तिथे शेवट आधीच ठरलेला असतो.

राज्यात नवा अभ्यासक्रम 2025-26 मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाला आहे, त्यामुळे वरच्या वर्गांची पुस्तकं बदलतील. दोरी आणि लेणी यांना मात्र नव्या पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. सहल ठरवताना एवढंच लक्षात ठेवावं की राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं आणि मुख्य दारापासून कान्हेरी साधारण सहा-सात किलोमीटर आत आहे.